खोलीत ऊब किती असावी?

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेवढेच सांगा," म्हणून धीर करून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

आपण दिल्लीस आलो ते आपल्याकडची थंडी मनात धरून. इथे जानेवारीत रात्रीचा पारा सात-आठ अंशांवर असतो, कधी तीन-चारांवरही उतरतो. दोनतीन दिवस धुके राहिले, ऊन पडले नाही, की भिंती आणि फरशी आतून गारठतात. मग हीटर निघतो आणि त्याच्यामागून भांडण निघते. आमच्याकडे हे बिलाकडे बघून म्हणत, "बंद करा." सासूबाई म्हणत, "वाढवा." मुलगा म्हणे, "गुदमरायला होते." प्रत्येकजण आपल्या अंगावरून बोले. खोलीत खरोखर ऊब किती आहे, हे कोणीच पाहात नव्हते.

२०२३ च्या जानेवारीत माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. नात झाली. आमच्या सासूबाई निफाडकडच्या, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. नाशिक जिल्ह्यात निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. घरातली सगळी बाळंतपणे त्यांच्या हातची. त्या म्हणाल्या, "अगं, विजेच्या उबेने बाळंतिणीची हाडे शेकत नाहीत. शेगडीच हवी." लोखंडी शेगडी गावाहून आणलेली होतीच. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणला. दिवसा दार उघडे ठेवून बाजेखाली शेक, ओवा-बाळंतशोपांची धुरी, सारे यथासांग चालले होते. मलाही ते बरे वाटत होते, हे कबूल करते.

चौथ्या रात्री थंडी फारच होती. सासूबाईंनी खिडक्या लावल्या, फटींत वर्तमानपत्र कोंबले, शेगडी आतच ठेवली आणि त्याही त्याच खोलीत निजल्या.

रोज रात्री दोनच्या सुमारास नात दुधासाठी रडे आणि त्या रडण्याने मला जाग येई. त्या रात्री मला जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि घरात कसलाही आवाज नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. दार उघडले. आत धूर नाही, वास नाही, छान ऊब होती. लेकीला हाक मारली तर तिला मान उचलेना. "आई, डोके फुटते आहे," एवढेच म्हणाली. सासूबाई उठायला गेल्या त्या भिंतीशी बसल्या आणि उलटी झाली. बाळ हातात घेतले तर चिंधीसारखे लुळे. मी तिला तशीच पदरात गुंडाळून दुसऱ्या खोलीच्या उघड्या खिडकीशी नेले. यांनी शेगडी बाल्कनीत टाकली आणि सगळी दारे उघडली. तिघींनाही इस्पितळात नेले, प्राणवायू लावला. दुपारपर्यंत तिघी सावरल्या. देवाची कृपा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले की निखारा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपले रक्त प्राणवायूपेक्षा त्याच वायूला अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे माणूस झोपेतच गळून जातो. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक असे समजू नये. रात्री निजताना तर ती खोलीत ठेवूच नये.

घरी आल्यावर सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "मीच पणतीच्या जिवावर उठले," असे म्हणून रडत. मी त्यांच्यापाशी बसले. म्हटले, "आई, निफाडच्या घराला कौले होती, भिंतीवर फटी होत्या, दार सारखे उघडे. वायू आपोआप वर निघून जाई. इथे डोक्यावर स्लॅब, खिडकीला काच. तुमची माया तीच आहे, घर बदलले." त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी भाकरी खाल्ली.

मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आम्ही भिंतीवरचा तापमापक आणला. तो हीटरजवळ किंवा बाहेरच्या भिंतीवर लावू नये. आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर लावावा. लावला मात्र आणि आमचे डोळे उघडले. बाळंतिणीच्या खोलीत ब्लोअरने २९ अंश झाले होते आणि आम्ही "आता बरे वाटते" म्हणत होतो. बाहेरच्या खोलीत १३ अंश होते आणि सासूबाई तिथे जप करीत बसत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले आहे की थंडीत घरात निदान १८ अंश सेल्सिअस ऊब असावी. लहान मुले, म्हातारी आणि आजारी माणसे यांना याहून अधिक लागू शकते. आम्ही असे ठरवले. आमची निजायची खोली १८, कारण वर रजई असते. सासूबाईंची २१. बाळंतिणीची पहिल्या दिवसांत पंचविसाच्या आसपास, वारा न लागेल अशी. पुढे बाळ वाढेल तसा आकडा खाली आणायचा.

बाळाचे मात्र आकड्यावर सोडू नये. पोटाला आणि तळपायाला हात लावून पाहावा. दोन्ही ऊबदार तर बाळ सुखात आहे. पोट ऊबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते; आईने त्याला उराशी घ्यावे, अंगाला अंग लागू द्यावे. दोन्ही गार असतील तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे. आणि उलट, मानेला घाम आला तर कपडे कमी करावेत. तोंडावरून गोधडी कधीही ओढू नये.

आता खर्चाचे. हजार वॉटचा हीटर तासभर चालला की एक युनिट होते. दोन हजारांचा ब्लोअर आठ तास सतत चालवला तर सोळा युनिटे. युनिटला सात रुपये धरले तरी रोजचे एकशे बारा. बाहेर ८ अंश असताना घर १८ वर ठेवायचे तर दहा अंशांचा फरक राखावा लागतो, २३ वर ठेवायचे तर पंधरांचा. म्हणजे पाच अंशांच्या हौसेसाठी ऊब दीडपट लागते. म्हणून आधी ऊब बाहेर जाऊ देऊ नये. दुपारी ऊन असेल तेवढा वेळ पडदे उघडावेत, मावळतीला लावून घ्यावेत. दाराखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवावी, फरशीवर सतरंजी घालावी. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत, भिंतींना ओल धरते. ठरलेल्या आकड्यावर आपोआप बंद होणारा हीटर मिळतो, तो घ्यावा.

विजेचा हीटर प्राणवायू जाळत नाही, हवा कोरडी वाटते एवढेच. भांड्यात पाणी ठेवल्याने कोरडेपणा थोडा कमी होईल. पण शेगडीशेजारी पाणी ठेवले म्हणून तो वायू जात नाही, हे ध्यानात ठेवा. मोठा हीटर लहान प्लगात किंवा जोडवायरीवर लावू नका, तार तापते. गादी, पडदे त्याच्यापासून हातभर नव्हे, चांगले दोन हात लांब ठेवा.

नात आता चालते-बोलते. ती आली की सासूबाई आधी तापमापकाशी जातात, चष्मा वर करून बघतात आणि मला हाक मारतात, "अगं, तेवीस झाले, बंद कर ते यंत्र!" शेगडी अजून बाल्कनीत आहे. संक्रांतीला तिच्यावर हलवा करतो, बाल्कनीतच. आज तुमच्या हातावर ठेवला तो तिच्यावरचाच आहे.

माझी एवढीच विनंती आहे की ज्यांच्या घरी यंदा बाळंतपण आहे किंवा म्हातारी माणसे आहेत, त्यांनी उद्याच एक तापमापक आणावा आणि निखारा निजायच्या खोलीत नेऊ नये. तिळगूळ घ्या, गोड बोला.