पोफळीच्या रोपांचा उन्हाळा
(भाषणाचा मजकूर)



थंड देशांत कुंडीतील नाजूक झाडे हिवाळ्यात घरात घेतात आणि वसंत ऋतू आला की पुन्हा बागेत लावतात. रायगडच्या किनाऱ्यावर हिमाचे भय नाही. येथे रोपांची परीक्षा पाहतो तो उन्हाळा, आणि लागवडीचा काळ म्हणजे मृगाचा पाऊस. पिशवीतले पोफळीचे रोप फाल्गुन ते ज्येष्ठ तगले, तरच पुढे वाडी उभी राहते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. भाताचे पीक गेले तर पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते. पोफळीला लागवडीनंतर फळ धरण्यास पाच ते सात वर्षे लागतात. त्याआधी रोपवाटिकेत १२ ते १८ महिने जातात. उन्हाळ्यात रोप करपले, तर या हिशेबात आणखी एका वर्षाची भर पडते.

बियाणे निवडण्यापासूनच काळजी घ्यावी लागते. मध्यम वयाच्या, नियमित फळणाऱ्या झाडाची पूर्ण पिकलेली फळे घेऊन ती पाण्यात सोडावीत; देठाकडची बाजू वर राहून उभी तरंगणारी फळे जोमदार रोपे देतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनलाच आहे, तेव्हा खात्रीच्या रोपांसाठी दूर जाण्याचे कारण नाही.

फळे वाळूच्या वाफ्यात रुजवून दोन पानांवर आलेले कोंब पिशवीत लावतात. सात भाग माती, तीन भाग शेणखत आणि दोन भाग वाळू हे मिश्रण चांगले. पिशवीच्या तळाशी भोके हवीतच. पाणी साचले की मुळे कुजतात.

खरी कसोटी चैत्र-वैशाखात लागते. पिशवीतील माती मूठभर, ती तापायला वेळ लागत नाही. रोपांवर नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालावा आणि पश्चिमेची बाजू विशेष दाट ठेवावी, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन पोफळीला फार जाचते. पाणी सकाळी किंवा सायंकाळी झारीने द्यावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींना या दिवसांत मचूळपणा येतो. ते पाणी रोपांना देऊ नये, घरच्या गोड्या पाण्यातून चार हंडे रोपांसाठी काढावेत. घरातील गृहिणीस हे रुचेलच असे नाही, पण दीड वर्षाच्या मेहनतीपुढे चार हंडे अधिक नव्हेत.

पिशवीतून मुळे जमिनीत उतरली असतील तर लागवडीच्या काही आठवडे आधी पिशव्या हलवाव्यात. तुटलेल्या मुळांच्या जागी नवी फुटण्यास अवधी मिळतो. पावसाळा जवळ येताच मांडव हळूहळू विरळ करावा, एकाच दिवशी काढू नये.

लागवडीस पाच किंवा अधिक पानांची, बुंध्याने जाड रोपे निवडावीत. उंच आणि किरकोळ रोपाचा मोह नको. अंतर दोन्ही बाजूंनी २.७ मीटर ठेवावे, पाण्याचा निचरा आधी करावा आणि मातीचा गोळा न फोडता पिशवी कापावी. नैर्ऋत्येस केळ लावावी. पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागेल, तेव्हा त्या केळीच्या सावलीखाली रोप उभे असेल.