घरपट्टीची पावती आणि घराची मालकी



महाड-पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत बहुधा घर आजोबांच्या नावे, नातवंडे मुंबईला आणि घरपट्टी भरणारा गावी राहिलेला एक भाऊ, अशी स्थिती आढळते. पुढे तोच भाऊ साध्या कागदावर घर विकतो, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घेणाऱ्याचे नाव चढते आणि व्यवहार पुरा झाला असे उभयता समजतात. वस्तुतः तो झालेला नसतो.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंद होय. कर कोणाकडून वसूल करावयाचा हे ती सांगते. मालकी बहाल करीत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकांकडे सादर करावा लागतो. शिवाय एका भावाच्या सहीने फार तर त्याचाच हिस्सा जातो. इतर भावांचा व सासरी गेलेल्या बहिणींचा वारसाहक्क अबाधित राहतो.

२२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा आपत्तीत घराबरोबर पेटीतील कागदही मातीखाली जातात. नोंदलेल्या दस्ताची प्रत मात्र निबंधक कार्यालयात राहते.

म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नोंद बदलण्यापूर्वी नोंदणीकृत दस्त पाहावा. स्वामित्व योजनेखाली गावठाणाची मोजणी होईल तेव्हा सर्व वारसांची नावे मिळकत पत्रिकेवर येतील, हे पाहावे. शिक्षकांनी ही गोष्ट घरोघर समजावून द्यावी. आज घेतलेली ही तसदी उद्याचे भाऊबंदकीचे दावे टाळील.