क्रूझ कंट्रोल लागत नाही? आधी मागचा बल्ब बघा

आजचा प्रश्न भोर तालुक्यातल्या आंबवड्याहून आलाय. एका दादांनी व्हॉइस मेसेज पाठवलाय. जुन्या गाडीला बाहेरून क्रूझ कंट्रोलचं किट बसवून घेतलं, वर्षभर मस्त चाललं आणि आता एकदम बंद. बटणाची लाईट लागते, पण स्पीड काही पकडत नाही. गॅरेजवाला म्हणतो, ब्रेकची वायर तोडून सरळ अर्थला जोडतो, पाच मिनिटांचं काम आहे. करू का?

दादा, अजिबात करू नका. का ते सांगतो.

हे किट म्हणजे तुमच्याऐवजी ॲक्सिलरेटर धरून ठेवणारा एक डबा. पण धरण्याआधी त्याला एक गोष्ट कळावी लागते: ब्रेकवर पाय आहे का? बऱ्याच किटमध्ये हे त्याला ब्रेक लाईटच्या वायरवरून कळतं. पाय वर असला की ती वायर बल्बच्या फिलामेंटमधून गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला पोचते. पाय दाबला की तिच्यात १२ व्होल्ट येतात. अर्थ दिसला तर चालू, १२ व्होल्ट दिसले की सोड. आणि दोन्ही दिसलं नाही, तर डबा सरळ नकार देतो. बिघडला म्हणून नाही हां, शहाणा आहे म्हणून!

मेसेजच्या शेवटी दादा सहज म्हणतात, "दिवाळीला मागचे बल्ब काढून एलईडी टाकले." सापडलं! एलईडीमधून फिलामेंटसारखा अर्थ मिळत नाही. साधे बल्ब उडाले असते तरी हेच झालं असतं.

आता वायर कायमची अर्थला जोडली तर? डब्याला वाटणार, ब्रेकवर पाय नाहीच. समोर म्हैस आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबताय आणि डबा ॲक्सिलरेटर सोडत नाहीये. डोळ्यांसमोर आणा जरा.

मग करायचं काय? एका बाजूला जुना फिलामेंटवाला बल्ब परत टाका. क्रूझ लागलं, तर रोग कळला. एलईडीच हवे असतील तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले टाकून घेता येतो, पण माझं मत विचाराल तर तो साधा बल्बच राहू द्या. तरीही लागलं नाही, तर डब्याकडे जाणारी ब्रेकची वायर सोडवून मल्टीमीटर लावा. पाय वर असताना बॉडीशी रेझिस्टन्स अगदी कमी दिसायला हवा, पाय दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास. हेही बरोबर असेल, तर मग फ्यूज, पेडलवरचा स्विच आणि स्पीडचा सिग्नल. आणि हो, साधारण ४० च्या खाली बरीच किट लागतच नाहीत. भोर ते आंबवडे रस्त्यावर "लागत नाही" म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं!

तसंही त्या रस्त्यावर क्रूझचं काम नाही. वळणं, एसटी, नागेश्वराला आणि झुलत्या पुलाला आलेली पाहुणेमंडळी. कापूरहोळला हायवेला लागा, मोकळा सरळ पट्टा बघा, मग सेट करा. खंबाटकी घाटात बंद, पावसात बंद.

दुरुस्तीनंतर पहिली टेस्ट ब्रेकची. क्रूझ सेट करून ब्रेकला नुसता पाय लावा, लगेच सुटलं पाहिजे. मग क्लच दाबून बघा, इंजिन रेस व्हायला नको. आणि कधी सुटलंच नाही, तर ब्रेक जोरात दाबून धरा, गाडी न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू दे. चालत्या गाडीत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

जाता जाता, हे यंत्र शोधणारे अमेरिकन इंजिनिअर राल्फ टीटर अंध होते. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळालं, १९५८ मध्ये ते क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. स्वतः गाडी न चालवणाऱ्या माणसाने ड्रायव्हरचा पाय ओळखला, बोला!

दादा, बल्ब बदला आणि काय झालं ते व्हॉइस मेसेज करून कळवा.