अपुरी यादी
(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेला स्फोट हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणीससाहेबांनी विचारले, "मास्तर, महोत्सव बडोद्यातला, त्यात मुंबईची गोदी कोठून आली?" प्रश्न रास्त होता. आमच्याजवळ त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, त्या दिवशी गोदीत जी जहाजे जळाली त्यांतल्या एकाचे नावच 'बरोडा' होते. दुसरे उत्तर जरा लांब आहे; तेच हे भाषण.

आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ दाभोळ खाडीकाठच्या गावातून पोटासाठी मुंबईस गेले होते. घरात त्यांना सारे 'धाकटे बाबा' म्हणत. पोर्ट ट्रस्ट रेल्वेच्या वाघिणी भरणाऱ्या व रिकाम्या करणाऱ्या एका टोळीत ते मजुरी करीत. ही रेल्वे १९१५ साली सुरू झाली. बंदरातला माल तिने उचलावा आणि जी. आय. पी. किंवा आपल्या बडोद्यावरून जाणाऱ्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या हवाली करावा, असा तो व्यवहार होता. महायुद्धात त्याच रुळांवरून दारूगोळा आणि लष्करी सामान जाऊ लागले. १४ एप्रिलला शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून धाकटे बाबा कामावर गेले, एवढे खोलीतल्या गाववाल्यांनी पाहिले. नंतर ते कोणाला दिसले नाहीत.

त्या दिवशी काय घडले, ते आता थोडक्यात सांगतो. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे ७,१४२ टनी मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातील बर्कनहेड येथून निघाले आणि कराची करून १२ एप्रिलला मुंबईस लागले. त्याच्या पोटात १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता आणि सुमारे ८ लाख ९० हजार पौंड किंमतीच्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीस त्यात कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड व इतर माल चढविण्यात आला. कापूस खाली आणि त्याच गाळ्यात वरच्या बाजूस दारूगोळा, अशी ती रचना. घरातली गृहिणीसुद्धा चुलीशेजारी घासलेटाचा डबा ठेवीत नाही. परंतु युद्धाच्या घाईत हे घडले. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल बावटा लावावयाचा, तोही लावलेला नव्हता.

दुपारी जेवणाच्या सुटीनंतर हमाल कामावर परतले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या गाळ्यातून धूर येताना दिसला. बंब आले. सुमारे ९०० टन पाणी आत सोडले, तरी आग सापडेना. आतले पाणीच उकळू लागले. जहाज भर समुद्रात न्यावे की जागीच बुडवावे, यावर विचारविनिमय होत राहिला आणि वेळ गेली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. सिमल्याच्या वेधशाळेतील भूकंपमापक यंत्रावर, म्हणजे फार दूरवर, त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. जळता कापूस वस्तीवर पडला. मांडवी, मशीद बंदर या भागांत आगी लागल्या. तेरा जहाजे कामास आली आणि ५०,००० टनांहून अधिक धान्य गेले. आदल्याच वर्षी बंगालने दुष्काळ सोसला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. गोदीतला सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसण्यास आठ हजार माणसांना सात महिने लागले.

आता माणसांचा हिशोब. गोदीच्या निरनिराळ्या खात्यांतली २३१ माणसे मेली. त्यांत ६६ अग्निशमन दलाचे जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. याखेरीज पाचशेहून अधिक नागरिक गेले, असे सांगतात. एकूण आकडा मात्र कोणी ८०० देतो, कोणी १,३००. आम्ही वर्गात गणित शिकविताना उत्तरात पाचाचा फरक पडला तर गुण कापतो. येथे पाचशे माणसांचा फरक आहे आणि त्याबद्दल कोणाचेच गुण कापले गेले नाहीत! धाकटे बाबा त्या फरकात आहेत.

असे का व्हावे? त्याची दोन कारणे आहेत. पहिले युद्धकाळातील गुप्तता. वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी वृत्त सविस्तर सांगितले. आपल्याकडे ते छापण्यास परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शहर सोडून गावी पळालेल्यांनी जी बातमी नेली, ती जपान्यांनी बाँब टाकल्याची. आमच्या गावात तर महिनाभर कोणाला काय झाले तेच कळेना.

दुसरे कारण गोदीतली टोळीची पद्धत. मजूर बंदराच्या नोकरीत नसे. टोळीवाल्याच्या हाताखाली असे. आज काम आहे, उद्या नाही. पगारपत्रक नाही, म्हणून नाव नाही. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला व पुढे मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले, तेव्हा कोठे अशा माणसांची रीतसर नोंद होऊ लागली. आमच्या धाकट्या बाबांना तो कायदा चार वर्षे उशिरा आला.

नोंद नसणे ही केवळ कागदाची उणीव नव्हे, हे आमच्या घरात एका बाईने भोगले. धाकट्या बाबांची पत्नी तेव्हा वीस-बावीस वर्षांची होती; पदरी एक मूल. आमच्यात पतीच्या मृत्यूनंतर स्त्री चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. परंतु ती कोणत्या दिवसापासून धरावयाची? प्रेत नाही, दाखला नाही, कोणा प्रत्यक्षदर्शीचा शब्द नाही. तिने बांगड्या उतरविल्या नाहीत. मुंबईची बोट आली की ती धक्क्यावर जाऊन उभी राही. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, तेव्हा धक्क्यावर जाणेही थांबले. सरकारने स्फोटाची जबाबदारी पत्करून नुकसानभरपाई दिली, हे खरे. पण मेल्याचा पुरावा आणील त्याला. हिने काय न्यावे?

हे सारे आम्हांस आजीकडून तुटक तुटक कळले होते. चार वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलाने सहज विचारले, "सर, ते त्या यादीत आहेत का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. मग सुट्यांमध्ये शोध सुरू झाला. ग्रंथालयांतून १९४४ च्या मे महिन्यातली वर्तमानपत्रे वाचली. भायखळ्यास अग्निशमन दलाच्या मुख्य ठाण्यात हुतात्म्यांचे स्मारक आहे, तेथे जाऊन आलो. एका कचेरीत सांगण्यात आले की रोजंदारीच्या माणसांचे कागद ठेवण्याचा प्रघात नव्हता. बोलणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चहाही पाजला. कागद नव्हताच, तर ते तरी काय करणार?

शेवटी सापडले ते आमच्याच गावात. मशिदीच्या जमातीची एक जुनी वही आहे. वाळवीने कडा खाल्लेल्या. तिच्यात उर्दू लिपीत दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत धाकट्या बाबांचे नाव, बापाचे नाव आणि 'मुंबई गोदी, जुम्म्याचा दिवस' एवढा मजकूर. दुसऱ्या ओळीत गायबाना नमाज झाल्याची नोंद. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. प्रेत समोर नसतानाही जनाजाची नमाज पढण्यास त्या पंथात मुभा आहे. गावच्या वडीलधाऱ्यांनी पावसाळा सरता सरता एकत्र बसून ठरविले की माणूस गेला, आणि तसे लिहून ठेवले. त्या दोन ओळींनी त्या बाईची इद्दत सुरू झाली व संपलीही. तिला पुन्हा माणसांत वावरता आले, मुलाला शाळेत घालता आले. एवढ्या मोठ्या सरकारला जे जमले नाही, ते पाच-सात म्हाताऱ्यांनी एका वहीने केले.

जगात याहून निराळेही घडले आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी 'माँ ब्लाँ' नावाचे दारूगोळ्याचे जहाज फुटले. तेही युद्धकाळातले, त्यावरही लाल बावटा नव्हता. रेल्वेतील व्हिन्सेंट कोलमन हा कर्मचारी जीव वाचविण्यास निघाला होता. परंतु येणारी उतारूंची गाडी आठवून तो मागे फिरला, तारेने इशारा दिला आणि तेथेच मेला. हॅलिफॅक्सच्या लोकांनी पुढे स्मरणग्रंथ तयार केला. मृतांची नावे शोधून त्यात लिहिली. गरीब, श्रीमंत, तान्ही मुलेसुद्धा. तेथील मृतांचा हिशोब नावांनिशी मांडला गेला आहे.

मुंबईला तसा ग्रंथ नाही. तो संपूर्ण करणे आता कदाचित कोणाच्याच हाती नसेल. पण त्यातली काही पाने घराघरांत पडली आहेत. आपल्या ट्रस्टच्या सभासदांची मुळे रत्नागिरीत, साताऱ्यात, खानदेशात आहेत. कोणाचे आजोबा गिरणीत होते, कोणाचे गोदीत, कोणाचे रेल्वेत. ज्यांचे कोणी अपघातात गेले आणि कोणत्याच यादीत आले नाहीत, अशी घरे या सभेतही असतील.

म्हणून महोत्सवाच्या निमित्ताने आमची एकच विनंती आहे. ट्रस्टच्या कार्यालयात एक जाड नोंदवही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या अशा माणसाचे नाव, गाव, काम व जाण्याचा दिवस, माहीत असेल तेवढे, स्वतःच्या हाताने लिहावे. सोबत कोणाकडून कळले तेही लिहावे, म्हणजे पुढच्या शोधकाला ऐकीव आणि पाहिलेले वेगळे करता येईल. म्हाताऱ्या माणसांना या दिवाळीपूर्वीच विचारावे. वही थांबेल, माणसे थांबत नाहीत.

विश्वस्तांनी ही विनंती मान्य केली आहे व वहीही आणली आहे, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. धाकट्या बाबांचे नाव आम्ही या भाषणात घेतले नाही, कारण एकच नाव छापणे इतरांवर अन्याय होईल. ते त्या वहीच्या पहिल्या पानावर आज सकाळी लिहिले आहे. त्याखालची ओळ आपल्यासाठी मोकळी सोडली आहे.