सखल भूमीवरील विमानतळ

रायपूर शहराच्या दक्षिणेस माना येथे स्वामी विवेकानंद विमानतळ आहे. तेथील धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा उंचीमापक समुद्रसपाटीच्या मानाने लावला, तर त्याचा काटा सुमारे १०४० फुटांवर, म्हणजे ३१७ मीटरांवर स्थिरावतो. विमानाने अद्याप जमीन सोडलेली नसते. ही उंची छत्तीसगडच्या मैदानाची असते. तेच विमान मुंबईस उतरले की काटा ४० फुटांच्या आसपास येतो. मृत समुद्राकाठच्या बार येहुदा येथील धावपट्टीवर तर तो शून्याच्याही खाली जातो; कारण ती धावपट्टी समुद्रसपाटीहून सुमारे ३७८ मीटर खाली असून जगातील सर्वांत सखल विमानतळ म्हणून ती ओळखली जाते.

उंचीमापक हा वस्तुतः वायुभारमापकच होय. जसजसे खाली यावे, तसतसा डोक्यावरील हवेचा थर वाढतो, तिचा दाब वाढतो आणि हवा दाट होते. समुद्रसपाटीजवळ दर आठ-साडेआठ मीटरांस दाबात एका मिलिबारचा फरक पडतो. दाट हवा विमानास उपकारक असते. पंखांना तिचा आधार अधिक मिळतो, इंजिनास हवेचा पुरवठा भरपूर होतो आणि थोडक्या धावेत विमान जमीन सोडते. लेहचा विमानतळ ३२५६ मीटर उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रकाठच्या हवेहून चतुर्थांशापेक्षाही अधिक विरळ असल्यामुळे विमानात ओझे बेतानेच घ्यावे लागते. रायपूरची हवा, तपमान सारखे धरल्यास, समुद्रकाठच्या हवेहून अवघी तीन-चार टक्के विरळ भरेल. या हिशेबाने सखल भूमी ही विमानतळास सर्वांत सोयीची ठरावी. परंतु या हिशेबात आणखी एक रकाना असतो, आणि तो पाण्याचा.

मुंबईच्या जुहू विमानतळाचा इतिहास हा त्या रकान्याचा उत्तम दाखला आहे. १९२८ साली तेथे मुलकी उड्डाणे सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, आपले छोटे ‘पुस मॉथ’ विमान याच मैदानावर उतरविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतातील नियमित विमान टपालाच्या इतिहासातील हा मोठा दिवस. तो ऑक्टोबरात उगवला ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. पाऊस तेव्हा ओसरलेला असतो.

पावसाळ्यात मात्र जुहूचे मैदान चिखलात बुडून जाई. त्या दिवसांत धावपट्टी समुद्राच्या पातळीखालीच असे, अशी आठवण टाटा पुढे सांगत. मग दरवर्षी दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक असा सारा संसार आवरून ही मंडळी घाट चढत आणि पुण्यास येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर बिऱ्हाड मांडीत. पुण्याची भूमी समुद्रसपाटीहून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंच. हवा थोडी विरळ, पण पायाखालची जमीन भरवशाची! पाण्याशी भांडण्यापेक्षा चार महिने त्याची वाट मोकळी करून द्यावी, हा त्यांचा शहाणपणा होता.

विमाने मोठी झाली, प्रवासी वाढले, तेव्हा असे बिऱ्हाड हलविणे शक्य राहिले नाही. १९४८ साली मुंबईची प्रवासी वाहतूक जुहूहून जवळच्याच सांताक्रूझला गेली आणि जुहू मुख्यतः हेलिकॉप्टरांचे ठाणे झाले. सांताक्रूझची भूमी जुहूपेक्षा थोडी उंच खरी. पण तेथून मिठी नदी वाहते. विमानतळ वाढला तशी तिच्या पात्रास वळणे पडली आणि आज धावपट्टीच्या पोटाखालूनच तिला वाट काढावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. विमानतळ बंद पडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून मोठी प्राणहानी झाली. पेरियार नदीजवळचा कोची विमानतळही ऑगस्ट २०१८ मधील पुरात दोन आठवडे बंद होता. अशा वेळी समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या रायपूरच्या प्रवाशासही आपले गाठोडे घेऊन मानाच्या विमानतळावर खोळंबावे लागते.

हॉलंडने या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले. ॲमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीहून सुमारे तीन मीटर खाली, एका जुन्या सरोवराच्या तळावर वसला आहे. वाफेच्या पंपांनी ते सरोवर १८५२ साली कोरडे करण्यात आले आणि १९१६ मध्ये तेथे विमाने उतरू लागली. बांध, कालवे आणि पंप यांची राखण तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अर्थात, आपल्या मोसमी पावसाचा मारा त्या देशास सोसावा लागत नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळही खाडीकाठच्या सखल भूमीवरच उभा आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी फोडून भराव घालण्यात आला आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. भराव घातला की धावपट्टी उंच होते. पण तेथे पूर्वी मावणारे पाणी नाहीसे होत नाही. त्याला दुसरी वाट द्यावी लागते, आणि ती वाट अपुरी पडली तर त्याचे मोल कुंपणापलीकडच्या गावांना मोजावे लागते. उंचीमापकाचा काटा धावपट्टीवरील वैमानिकास जमीन समुद्रसपाटीहून किती उंच आहे हे सांगतो. पाणी कोठे जाईल, हे मात्र ती जमीन निवडणाऱ्यानेच आधी पाहून ठेवावे लागते.