टेरियर घरी आणताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझ्या पिढीच्या घरांमध्ये टेरियर पहिल्यांदा आला तो तबकडीवर बसून. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान किंचित तिरकी करून ऐकणारा तो पांढरा कुत्रा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याचं नाव निपर. १८८४ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जन्मलेला हा कुत्रा टेरियरच्या रक्ताचा होता, आणि आल्यागेल्याच्या पोटऱ्या धरायचा म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, तेव्हा तो मरून काही वर्षं झाली होती. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते चित्र विकत घेतलं आणि एक चावरा कुत्रा जगभर सोशिक श्रोता म्हणून प्रसिद्ध झाला! टेरियरच्या बाबतीत माणसाची फसगत होते ती अशी, चित्रावरून. माझीही झाली.

बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी नातवाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा चेंडू तोंडात घेऊन जिना चढत होता. "आजोबा, आपण हा आणू या ना!" आमच्या घरात कुत्रा कधी नव्हता. पण कुत्रा लहान, अंगावर केस आखूड, फ्लॅटमध्ये मावेल, एवढा हिशोब करून आम्ही निघालो. जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले, पण इथे एकही कागद पाहिला नाही. शहराबाहेर एका गृहस्थांकडे गेलो. पिल्लांची आई दाखवा म्हटलं, तर ती गावी असल्याचं सांगितलं. पिल्लू दोन महिन्यांचं आहे म्हणाले. पैसे मोजले आणि टॉवेलात गुंडाळून त्याला घरी आणलं. नातवाने नाव ठेवलं चिंगी.

चौथ्या दिवशी चिंगी खाईना. संध्याकाळी उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "काका, हे दोन महिन्यांचं नाही, जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. दाढासुद्धा पुऱ्या आलेल्या नाहीत." आजार पार्व्होचा. तीन दिवस सलाइन लावलं. तिसऱ्या रात्री ती गेली. नातू आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही, आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकू नये, असा आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार कायदाच आहे. कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. तेव्हा नोंदणीचा कागद मागा. पिल्लाला आईसोबत, ते वाढलं त्याच जागी पाहा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठा. पिल्लू कितीही गोड असलं तरी उठा. लसीचं कार्ड पाहा, आणि पिल्लामागे टाळी वाजवून ते वळतं का तेही पाहा, कारण पांढऱ्या रंगाच्या कुत्र्यांत जन्मतः बहिरेपणा आढळतो. गुडघ्याची वाटी सरकणं आणि डोळ्याचं भिंग निसटणं हे या जातीतले दोष आहेत. भिंगाच्या दोषाची जनुकीय तपासणी होते, ती आईबापांची झाली आहे का हे विचारण्यात काही गैर नाही.

आता टेरियर म्हणजे काय, ते आम्हाला जे कोणी सांगितलं नाही ते सांगतो. हा शब्द लॅटिनमधल्या जमीन या अर्थाच्या शब्दावरून आला. बिळात शिरून कोल्ह्याला, घुशीला बाहेर काढणं हे यांचं काम. जॅक रसेल म्हणजे डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली, आणि तिच्यापासून हा वंश सुरू झाला असं सांगतात. अंग पांढरं का, तर धावपळीत शिकारी कुत्र्यांनी तिलाच कोल्हा समजू नये म्हणून. इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या झुंडीने कोल्ह्याची शिकार करण्यावर २००४ च्या कायद्याने बंदी आली, पण ती बातमी टेरियरपर्यंत पोचलेली नाही. पाच-सहा किलोचं ते शरीर बिळासाठी बेतलेलं आहे, आणि मालक बिळाच्या बाहेर उभा असताना आत अंधारात स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचं डोकं त्याला दिलेलं आहे. असा कुत्रा दोन खोल्यांत दिवसभर एकटा ठेवला, की तो कुंड्या उकरतो, गादी फोडतो आणि जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकतो. तो वाईट वागत नसतो, बेकार असतो.

चिंगीच्या जाण्यानंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, की पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो. लस पूर्ण न झालेलं पिल्लू वर्षभर आणायचं नाही. आणायचाच असेल तर लसी झालेला मोठा कुत्रा आणा. त्यांच्याच ओळखीच्या एका कुटुंबाचा दोन वर्षांचा जॅक रसेल होता. दोघे नोकरीला, मुलगी शाळेत. कुत्र्याने सोफा खाल्ला होता. "घेऊन जा हो," त्या बाई म्हणाल्या, आणि म्हणताना रडल्या. त्याचं नाव मॅक्स होतं. पनीरच्या बारीक तुकड्यांच्या जोरावर आठवडाभरात तो गोट्या या नावाला ओ देऊ लागला.

पहिले दोन महिने कठीण गेले. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी भुंकण्याची तक्रार केली. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बहुमतानेसुद्धा बंदी घालता येत नाही, अशा प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत. मी त्या छापून खिशात ठेवल्या होत्या. पण त्या गृहस्थांच्या घरी आजारी आई होती, आणि तक्रार खरी होती. कागद खिशातच राहिला. आमचं वेळापत्रक बदललं. सकाळी सहाला टेकडी, तासभर. संध्याकाळी पुन्हा पाऊण तास. दुपारी जुन्या टॉवेलात खाऊचे दाणे गुंडाळून लपवायचे आणि त्याला हुडकायला लावायचं. त्या वीस मिनिटांत तो एका फेरीइतका दमतो. भुंकणं थांबलं नाही, पण मोजता येण्याइतकं झालं.

उन्हाळ्यात फिरणं लवकर आटोपतं. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही, तर त्यावर कुत्र्याचे पाय ठेवायचे नाहीत. आखूड केस गळत नाहीत ही समजूत काढून टाका. माझी एकही काळी पँट आता काळी नाही. गोचिडींकडे मात्र लक्ष हवं. आपल्याकडे गोचिडीपासून होणारे ताप कुत्र्यांचे जीव घेतात. कानामागे, बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवावा. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा पोसला जात नाही. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, आणि शिजवलेली हाडंही नाहीत. आमच्या हिच्या मते थोडा शिरा चालतो. डॉक्टरांच्या मते चालत नाही. वजनकाटा डॉक्टरांच्या बाजूने आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये पार्किंगमध्ये गोट्याने घूस धरली. एक झटका, की संपलं. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र घाम फुटला, कारण घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्याला आणि त्याच्याकडून आपल्यालाही. त्याची वर्षाची लस झालेली होती. घरी आणून हातमोजे घालून त्याला धुतलं. दुसऱ्या दिवशी तो त्याच कोपऱ्याकडे ओढत गेला आणि मी वाकेपर्यंत निळसर वडी चावून मोकळा झाला. उंदीर मारायचं औषध! सोसायटीने आदल्याच संध्याकाळी ठेवलेलं. हे विष रक्त गोठू देत नाही आणि त्याची लक्षणं तीन-चार दिवस दिसतच नाहीत. कुत्रा मजेत असतो, म्हणून माणूस वाट पाहतो, आणि तिथेच घात होतो. मी वॉचमनकडून औषधाचं रिकामं पाकीट घेतलं आणि रिक्षा पकडली. पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरांनी त्याला लगेच उलटी करवली, आणि पुढे महिनाभर के जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालल्या. गोळी पनीरमध्ये लपवली की तो पनीर खाऊन गोळी नेमकी बाजूला काढून ठेवायचा. आता सोसायटीत औषध बंद पेट्यांमध्ये ठेवतात आणि आधी फलकावर लिहितात. त्या सूचनेवर पहिली सही खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी केली.

अनेक जण विचारतात, आम्ही घेऊ का असा कुत्रा? मी उलट विचारतो, पावसात रोज सकाळी कोण उठणार, नाव सांगा. नाव सांगताना नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागली, तर माझं उत्तर मला मिळतं. शांत सोबत हवी असेल, तर गल्लीतलं एखादं देशी पिल्लू लसी देऊन घरात घ्या. आपल्या हवेला टिकतं आणि फार समजूतदार निघतं.

आणखी एक हिशोब आहे, तो माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी. ही जात तेरा ते सोळा वर्षं जगते. गोट्या आता सहा वर्षांचा आहे आणि मी सदुसष्ट. बेरीज करायला बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही. माझ्या भाचीशी बोलून ठेवलं आहे. ती म्हणाली, "मामा, मी नेईन, पण त्याला माझी सवय आत्तापासून व्हायला हवी." तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी ती येते आणि त्याला टेकडीवर नेते. सुरुवातीला तो फाटकापाशी बसकण मारायचा आणि माझ्या खिडकीकडे बघायचा. गेल्या रविवारी तिने पट्टा लावला आणि तो निघाला, मागे वळूनही पाहिलं नाही. मी खिडकीत उभा होतो. हिने चहा आणून दिला.