मावशींच्या वाड्याचं माळवद

नळदुर्गहून आम्ही बोलतोय. आमच्या गटाची बैठक एका मावशींच्या जुन्या वाड्यात भरते. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. दोन वर्षांमागे बैठकीतच हजेरीच्या वहीवर चिखलाचं पाणी ठिबकलं. मावशींचा मुलगा म्हणाला, "पाडून टाकू." मावशी म्हणाल्या, "माझ्या माघारी पाड."

आम्हाला गळतीपेक्षा धास्ती होती ती ओझ्याची. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आमच्यातल्या काहीजणी तेव्हा पाळण्यात होत्या, पण किल्लारी-सास्तूरकडचं ऐकतच वाढल्या. जाड दगडी भिंती फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. दर पावसाळ्याआधी आपण पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतो, जुना काही काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार-साडेचार टन, भिजली की आणखी. मावशींच्या माळवदावर दोन फूट निघाली!

भूकंपानंतर घरं मजबूत करायचा कार्यक्रम निघाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायकाच संवाद सहायक होऊन घरोघर समजावत फिरल्या होत्या. आम्ही काही नवीन केलं नाही, त्यांच्याच वाटेने गेलो. आधी अभियंत्याला दाखवलं, गटातून कर्ज दिलं आणि उन्हाळ्यात काम काढलं.

माती उतरवताना एका बाजूने कधी उकरायची नाही. सगळीकडून थोडी थोडी काढायची, नाहीतर तुळया कलतात. खाली कुणी थांबायचं नाही, हे पोरांना दहादा सांगावं लागलं. मग तुळया आणि किलच्या टोकरून पाहिल्या. दोन तुळया वाळवीने पोकळ निघाल्या, त्या बदलल्या. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे लाकडी टेकू ठोकले, म्हणजे हादरा बसला तरी सांगाडा डुलून पडत नाही. वर जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर वीतभरच माती, पन्हळीकडे उतार देऊन. काळी माती वापरू नका, उन्हात भेगाळते.

भिंतीचं जरा सविस्तर सांगतो. जुनी भिंत एक दिसते, पण असतात दोन, मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन्हींना धरणारा आरपार दगड नसला की त्या वेगळ्या होतात. आम्ही तीन-चार फुटांवर एकेक भोक पाडून आकडा वाकवलेली सळई घातली आणि काँक्रीट भरलं. सगळी भोकं एकदम पाडायची नाहीत.

बाहेरून आधी कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. ओल आत कोंडून भिंत फुगली होती. तो खरवडून काढला आणि दगडांच्या दर्जा चुन्याने भरल्या. गवंडी हसला, "चुना आता कोण वापरतं?" आम्ही त्याला किल्ल्याकडे बोट दाखवलं. बोरी नदीवरचा पाणीमहाल 1613 चा. डोक्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, तरी आतल्या खोल्या कोरड्या. तो गप्प झाला, पण मजुरी काही कमी केली नाही.

यंदाच्या पावसात बैठक तिथंच झाली. मावशींनी सवयीने बादली मांडली होती. मागची भिंत अजून बाकी आहे. कर्जाचे चार हप्ते आले की दिवाळीनंतर ती घेणार आहोत. बघायला या, चहा मावशींकडे.